हॅनाचं जागरण

“ती आपली हॅना नाही,” डिनी म्हणाला आणि बेकनचा तुकडा तोंडात टाकला. “आपली हॅना बोस्टनला मेली. दगडावर लिहिलंय.”

डिनी माझा धाकटा भाऊ. वडिलोपार्जित शेत त्याच्याकडे, गाई त्याच्याकडे, घर त्याच्याकडे, आणि घराण्याची कबरही त्याच्याच नावावर. मी वर्तमानपत्र त्याच्या ताटाशेजारी पसरलं होतं. जिल्ह्याचं जुनं वेड्यांचं इस्पितळ विकलं गेलं होतं, तिथं नवी घरं उठणार होती. मागच्या शेतात पुरलेल्या माणसांना उकरून एका मोठ्या खड्ड्यात एकत्र ठेवणार होते. ज्यांना आपलं माणूस घरच्या कबरीत न्यायचं असेल त्यांनी जुलै संपायच्या आत यावं, असं जाहीर निवेदन होतं. खाली नावांची रांगच्या रांग. त्यात एक नाव, हॅना क्रेमिन, नॉकारा, मृत्यू १९५७.

“नॉकारात क्रेमिनांची घरं किती आहेत, डिनी?”

“असतील दोनचार.”

“एक आहे. तू त्यातच बसून जेवतोयस.”

त्याची बायको ब्रीडा चहा ओतत होती. “अबिना, किती वर्षं झाली त्याला,” ती म्हणाली. “कशाला उकरायचं आता?”

“मी कुठे उकरतेय? ते उकरणार आहेत. जेसीबीनं.”

मी अबिना क्रेमिन. अडुसष्ट वर्षांची, बिनलग्नाची. किलबॅरनच्या बाजारात माझं केस कापायचं दुकान होतं, तीस वर्षं चालवलं. या पंचक्रोशीतलं एकही डोकं असं नाही जे माझ्या हाताखालून गेलं नाही, आणि डोकं हातात असलं की माणूस बोलतो. त्यामुळे हॅनाच्या जागरणाची गोष्ट मी घरात कमी आणि दुकानात जास्त ऐकली. हॅना म्हणजे माझ्या आजोबांची, कॉन क्रेमिनची, धाकटी बहीण. १९०९ साली ती अमेरिकेला गेली आणि जायच्या आदल्या रात्री आमच्या घरी तिचं जागरण झालं. तेव्हा ती रीतच होती. अमेरिकेला जाणारं पोर परत दिसायचं नाही, म्हणून मेलेल्या माणसासाठी जागावं तसं त्याच्यासाठी रात्रभर जागायचं. फक्त इथे मेलेलं माणूसच मध्यभागी नाचायचं. हॅनाचं जागरण तर असं झालं म्हणे, की अजून लोक सांगतात. जेर गिनी, आमचा शेजारी, आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. त्याच्या आज्यानं त्या रात्री फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवली. बोटांची सालटी निघाली तरी थांबला नाही. हे मी जेरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की माझीच बोटं दुखायला लागतात.

पुढं ती बोस्टनला ज्वरानं मेली असं पत्र आलं, आजोबांनी घराण्याच्या कबरीच्या दगडावर नाव कोरून घेतलं, ‘हॅना, बोस्टन येथे निवर्तली, १९११’. दर नोव्हेंबरला चर्चमध्ये तिच्या नावानं मिस्सा व्हायची. मी लहानपणी गुडघे टेकून, डोळे मिटून तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना केलेली आहे.

“सिद्ध कर,” डिनीनं ताट पुढं सरकवलं. “ती आपलीच आहे हे सिद्ध कर, मग बघू.” आणि हसला. आमचा डिनी हसतो तेव्हा त्याला वाटतं काम संपलं.

इस्पितळाच्या कचेरीत एक गोड मुलगी बसली होती. दोन अटी, ती म्हणाली. आपलं नातं दाखवा, आणि ज्या कबरीत न्यायचंय तिच्या मालकाची या कागदावर सही आणा. मी म्हटलं, तुमच्या दप्तरात बघ ना, तिला कुणी आणून टाकलं ते लिहिलं असेल. ते नात्याचा पुरावा आणल्याशिवाय दाखवता येत नाही, ती म्हणाली. म्हणजे नातं दाखवल्याशिवाय दप्तर नाही आणि दप्तराशिवाय नातं नाही. मी तिला म्हटलं, “बाळ, हा नियम ज्यानं केला त्याला माझ्याकडे केस कापायला पाठव.” ती तोंड दाबून हसली, पण दप्तर काही उघडलं नाही.

खरं सांगायचं तर माझं हॅनाला आधीच शोधून झालं होतं. दुकान बंद केल्यावर हौस म्हणून. बोटींच्या उतारूंच्या याद्या, बोस्टनच्या मृत्यूंची नोंद, हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती, सगळं पालथं घातलं. हॅना क्रेमिन नावाच्या बायका भेटल्या, एकही आमची नव्हती. मला वाटलं, माझंच चुकतंय. दगडावर बोस्टन लिहिलंय म्हटल्यावर बोस्टनच्या बाहेर बघायचं डोक्यातच आलं नाही. दगड खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येतं?

किलबॅरनच्या वाचनालयातली बाई माझी जुनी गिऱ्हाईक. ती म्हणाली, “अबिना, या देशात माणूस हरवला तर चर्चमध्ये नंतर बघ, आधी कोर्टात बघ. आपल्या लोकांनी एकमेकांना कोर्टात खेचण्यात जेवढी मेहनत घेतली तेवढी नांगर धरण्यात घेतली असती ना, तर आपण सगळे श्रीमंत झालो असतो.”

खरंच होतं ते. किलबॅरनच्या तालुका कोर्टाच्या जुन्या नोंदी पडद्यावर सरकवायला लागले आणि हसू आवरेना. याचं डुक्कर रस्त्यावर, त्याचा कुत्रा बिनपरवाना, ही तिला काय म्हणाली, तो गाढवगाडीत झोपला आणि गाढवच त्याला घरी घेऊन गेलं. सगळी ओळखीची आडनावं. मी मनात म्हणत होते, हे बघ लिनेहनांचा पणजोबा, दारू पिऊन पोलिसाची टोपी घालून फिरत होता, आणि आता त्याचा पणतू चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. चांगली करमणूक चालली होती माझी.

आणि मग १९०९, फेब्रुवारी. फिर्यादी, कॉर्नेलियस क्रेमिन, नॉकारा. प्रतिवादी, हॅना क्रेमिन, नॉकारा. तक्रार, भ्रमिष्ट आणि धोकादायक. हुकूम, जिल्ह्याच्या इस्पितळात रवानगी.

कॉर्नेलियस म्हणजे कॉन. माझा आजा. ज्यानं मला मांडीवर घेतल्याचा फोटो आमच्या भिंतीवर आहे तो.

खोटं कशाला बोलू, मी आधी त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, असेल पोरगी आजारी. अमेरिकेला निघायच्या धसक्यानं डोकं फिरलं असेल, बिचाऱ्याचा नाइलाज झाला असेल. लाज वाटली म्हणून बोस्टन सांगितलं असेल. त्या काळी सगळेच सांगायचे. मी वाचनालयातल्या बाईला म्हटलं, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढ. तेव्हाची वर्तमानपत्रं कोर्टातलं सगळं छापायची, शिंक आली तरी छापायची.

बातमीचा मथळा होता ‘अमेरिकेला निघालेली’. मी ती इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय.

कॉर्नेलियस क्रेमिन यानं शपथेवर सांगितलं, की आपली बहीण हॅना, वय तेवीस, काही महिन्यांपासून भ्रमिष्टासारखी वागते आणि घरच्यांना तिच्यापासून धोका आहे. आपण अमेरिकेला चाललो आहोत असं ती धरून बसली आहे. तिच्यासाठी तिकीट काढलेलं नाही आणि तसा बेतही कधी नव्हता. प्रतिवादी नवी टोपी आणि प्रवासाचा कोट घालून हजर होती (हशा). काम लवकर आटपावं, नाहीतर आपली क्वीन्सटाउन बंदराची गाडी चुकेल, अशी तिनं कोर्टाला विनंती केली (मोठा हशा). मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तिकीट कुठं आहे? ती म्हणाली, भावाकडे. भावानं मान हलवली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, मग बोट तरी कुणाची, तुमच्या भावाचीच का? (हशा). तेव्हा प्रतिवादी म्हणाली, काल रात्री आमच्या घरी माझं जागरण झालं, इथे बसलेली अर्धी माणसं आमच्याकडे नाचत होती, त्यांना विचारा. मॅजिस्ट्रेटनी उपस्थितांना विचारलं, यांच्या घरी काल रात्री जागरणाला कोणी होतं का?

कोणी उत्तर दिलं नाही.

डॉक्टरांचा दाखला वाचण्यात आला. दोन्ही मॅजिस्ट्रेटनी हुकमावर सह्या केल्या. प्रतिवादीला बाहेर नेताना तिनं काही माणसांना नावानं हाका मारल्या.

इथं मात्र कंसात काहीच छापलेलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली. म्हणजे ती पोरगी रात्रभर नाचली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, सकाळी कोट घालून भावाच्या गाडीत बसली. स्टेशनच्या रस्त्यानं निघाली असं तिला वाटत होतं. आणि भावानं गाडी कोर्टाच्या दारात उभी केली. तिनं जे जे खरं सांगितलं तेच तिच्या वेडाचा पुरावा झालं! आजोबा, किती डोकं चालवलंस रे. नुसतं वेडी म्हटलं असतंस तर कुणीतरी विचारलं असतं, काय केलं तिनं? तू तिला एक वेड शिवूनच दिलंस, कोट शिवावा तसं, आणि अंगावर घालून कोर्टात नेलंस.

“पाणी आणू का?” वाचनालयातली बाई म्हणाली.

“पाणी नको. त्या दिवसाचं कोर्टाचं पान परत लाव.”

आधी मी फक्त क्रेमिनांची ओळ वाचली होती. आता वरची वाचली, खालची वाचली. कोर्टाच्या दिवशी ज्याच्यावर खटला असेल तो सकाळपासून बाकावर बसून असायचा, आपलं नाव पुकारेपर्यंत. म्हणजे त्या खोलीत कोण होतं हे त्या पानावरच होतं. मायकल लिनेहन, रात्री गाडीला दिवा नाही. पॅट्रिक शीहन, नशेत. बायकांच्या भांडणातल्या दोघी, एक शीहनच्या घरची, दुसरी वरच्या आळीतली. आणि जेरेमाया गिनी, गाढव रस्त्यावर मोकाट सोडल्याबद्दल.

जेरेमाया गिनी. फिडलवाला. बोटांची सालटी निघालेला.

बोटं सोलवटलेली, तोंडाला कुलूप. बसला होता तिथं, हॅनापासून हातभर अंतरावर. तिनं हाका मारल्या त्यात याचंही नाव असणार. सगळे मूग गिळून बसले आणि मग त्यांची पोरंनातवंडं एकशे दहा वर्षं तेच जागरण फुशारकीनं सांगत राहिले, माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून.

तिथूनच मी तडक नॉकाराला गेले. डिनी गोठ्यात होता. मी बातमीची प्रत त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं ती घेतली नाही. बूट पाण्याखाली धरून धूत राहिला.

“वाच.”

“काय वाचायचं त्यात?”

त्याच्या आवाजावरून मला कळलं. भावाचा आवाज बहिणीला कळतो, कितीही वर्षं वेगळी राहिली तरी.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

त्यानं नळ बंद केला. “बाबानं शेत माझ्या नावावर केलं त्या दिवशी सांगितलं,” तो म्हणाला. “त्याला त्याच्या बाबानं तसंच सांगितलं होतं. शेताबरोबर ते पण येतं, म्हणाला.”

“आणि मला?”

“तुला शेत कुठे मिळालं?”

असलं उत्तर ऐकून काय करायचं माणसानं? माझ्या हातात गोठ्याचं फावडं नव्हतं हे डिनीचं नशीब.

“का केलं त्यानं?” मी विचारलं. “निदान ते तरी सांग.”

“तारीख बघ ना. तुला तारखा कळतात आता.” तो वैतागला होता. “त्याच महिन्यात आजीशी लग्न झालं त्याचं. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी. उपवास लागले की लग्नं बंद, आणि आजीच्या माणसांनी सांगितलं होतं, घरात बिनलग्नाची नणंद असेल तर आमची पोरगी उंबरा ओलांडणार नाही. हॅनाला तिचा वाटा हवा होता. बापानं मरताना तिच्या नावानं लिहिला होता. वाटा दिला असता तर शेत मोडलं असतं.”

“मग खरंच तिकीट काढून द्यायचं!”

“ती जायला तयार नव्हती म्हणे. शेवटी तयार झाली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरशी बोलणं झालं होतं.”

“बोलणं झालं होतं! गाईचा सौदा झाल्यासारखं सांगतोयस, डिनी.”

“ओरडू नकोस. ब्रीडा ऐकेल.”

“ऐकू दे की! ती १९५७ ला मेली, डिनी. मी तेव्हा शाळेत जात होते. आपण दर शनिवारी बाबाबरोबर बाजाराला जायचो, त्या भिंतीला लागून. आठवतं का तुला, आत बायका चादरी वाळत घालायच्या आणि तू त्यांना वेडावून दाखवायचास? त्यातली एक ती होती. बाबा गाडी हाकत होता आणि त्याला माहीत होतं! आणि रविवारी आपण तिच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावायचो. जिवंत बाईच्या नावानं मिस्सा सांगायला फादरला दक्षिणा देत होते आपले लोक.”

डिनीनं मान खाली घातली, पण मवाळ झाला म्हणाल तर नाही. तो आमच्या आज्यासारखाच आहे, गप्प बसतो तेव्हा जास्त घट्ट होतो.

“मी सही करणार नाही,” तो म्हणाला. “तिला आणायचं म्हणजे दगड बदलायचा. दगड बदलला की लोक विचारणार. मुलं विचारणार. माझ्या नातवंडांनी शाळेत काय सांगायचं, आमचं घर कशावर उभं आहे? आणि तू तरी कशातून जन्माला आलीस? त्याच लग्नातून ना? हॅना घरात राहिली असती तर तू नसतीस, मी नसतो.”

“मग हिशेब तर अजूनच सोपा झाला,” मी म्हटलं. “आपण दोघं तिच्या जिवावर जगलो. एक खड्डा तरी दे तिला.”

“नाही.”

मी तीन वेळा गेले त्याच्याकडे. एकदा फादरना घेऊन गेले, तर ब्रीडानं केक कापला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. फादर बाहेर आल्यावर म्हणाले, “अबिना, काही जखमा देवावर सोडाव्यात.” मी म्हटलं, “फादर, देवावर सोडली होती की. एकशे दहा वर्षं. त्यानं जेसीबी पाठवलाय.”

जुलैचा शेवटचा रविवार आमच्याकडे कबरस्तानाचा रविवार असतो. त्या दिवशी गावोगावची माणसं आपापल्या घराण्याच्या कबरीपाशी उभी राहतात, दगड धुतलेले, फुलं ठेवलेली, आणि फादर भोंग्यावरून प्रार्थना सांगत सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. त्या दिवशी कबर ओस पडली तर लोक वर्षभर नावं ठेवतात. इस्पितळाची मुदत बुधवारी संपत होती.

मी पिशवीत फुलांच्या खाली हातोडा आणि छिन्नी घेऊन गेले.

डिनी, ब्रीडा, त्यांची मुलं, नातवंडं, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या दगडासमोर उभे होते. डिनीला मला बघून बरं वाटलं. त्याला वाटलं, बया वठणीवर आली. शेजारी गिनींची कबर, तिथं जेर काठीवर रेलून उभा. पलीकडे लिनेहन, मागच्या ओळीत शीहन. कोर्टातल्या पानासारखेच सगळे ओळीनं उभे होते. भोंग्यावर जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. पहिले दहा मणी संपले तेव्हा मी फुलं बाजूला ठेवली, गुडघे टेकले, आणि ‘बोस्टन’वर छिन्नी लावून हातोडा मारला.

ग्रॅनाइट सहज निघत नाही. पहिल्या घावाला नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्याला एक कपची उडाली. भोंग्यावर फादर प्रणाम मारिया म्हणत होते आणि लोकांचं उत्तर हळूहळू बारीक होत गेलं.

“अबिना!” डिनीनं माझा खांदा धरला. “काय करतेस? वेड लागलंय का तुला?”

मी हातोडा खाली ठेवला आणि उभी राहिले.

“परत म्हण,” मी म्हटलं. “मोठ्यानं म्हण, शीहनांपर्यंत ऐकू गेलं नाही. घरात चांगला वापरातला शब्द आहे तो. बोलाव ना मग दोन मॅजिस्ट्रेट. डॉक्टरशी बोलणं झालंय का तुझं?”

“सगळे बघतायत...”

“बघण्यात पटाईत आहेत सगळे!” आता भोंगा बंद झाला होता. फादर लिनेहनांच्या कबरीपाशी हातात पाण्याचं भांडं घेऊन तसेच थांबले होते. “ऐका. माझ्या आजीची नणंद, हॅना क्रेमिन. तुम्हाला सगळ्यांना तिचं जागरण पाठ आहे. मग हेही पाठ करा. ती अमेरिकेला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भावानं तिला वेडी म्हणून कोर्टात उभं केलं, आणि ती म्हणाली, यांना विचारा, हे सगळे काल आमच्याकडे होते. आणि मॅजिस्ट्रेटनं विचारलं. ती इथून बारा मैलांवर अठ्ठेचाळीस वर्षं चादरी धूत मेली. बुधवारनंतर तिला कुणाच्याही हाडांत मिसळून टाकणार आहेत, कारण माझा भाऊ सही करत नाही. मला एवढंच सांगा, त्या रात्री आमच्या घरी जागरणाला कोण होतं?”

कबरस्तानात एवढी माणसं होती, पण एकाही पोरानं हूं की चूं केलं नाही. शीहनची सून फुलं नीट करायला लागली. लिनेहननं टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, झालं, हे परत तेच करणार. आणि माझा इतका संताप झाला, की हातोडा उचलून एकेकाचा दगड फोडावासा वाटला.

“माझा आजा होता,” जेर गिनी म्हणाला.

तो काठी टेकत टेकत आमच्या कबरीपाशी आला. त्याचा मुलगा त्याला धरायला गेला, त्यानं हात झटकला.

“फिडल त्याचीच होती,” जेर म्हणाला. माझ्याकडे नाही, डिनीकडे बघून. “आणि सकाळी कोर्टातही तोच होता. तिनं पहिली हाक त्याला मारली. जेरेमाया, सांग यांना, म्हणाली. हे आमच्या घरात माहीत होतं, पोरा. त्या उन्हाळ्यात आमची गाय तुमच्या खालच्या कुरणात चरली. कॉननं दिलं होतं, फुकट. पुढच्या उन्हाळ्यातही. माझा बाप त्या दुधावर वाढला.” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “मी लोकांना बोटांचं सांगायचो. पुढचं नाही सांगायचो.”

“का नाही सांगितलंत?” मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता. म्हाताऱ्यावर ओरडू नये एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.

“कुणी विचारलं नाही, पोरी.”

“हॅनानं विचारलं होतं!”

तो तसाच उभा राहिला, टोपी हातात धरून. मागून शीहनांच्यातली एक बाई काहीतरी पुटपुटली, आमच्यातही बोलायचे म्हणे, असं काहीसं.

डिनीचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याच्या थोरल्या मुलीनं त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, “बाबा, हे खरं आहे?” आणि तो तिच्याकडे बघू शकला नाही. माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही ते त्या प्रश्नानं झालं असेल. कदाचित नुसती लाज असेल. मला त्याचं काही सोयरसुतक नाही.

“आण तो कागद,” तो दातओठ खात म्हणाला. “आण आणि तोंड बंद कर.”

“सही आधी.”

त्यानं आमच्याच दगडावर कागद टेकवून सही केली, उडालेल्या कपच्या हातानं बाजूला सारून. फादर आले, कबरीवर पाणी शिंपडलं, आणि माळ जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू झाली. ब्रीडा माझ्याशी बोलली नाही, अजून बोलत नाही.

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. लोक येऊन माझा हात दाबत होते, शाब्बास म्हणत होते, आणि मला त्यांचे हात झटकावेसे वाटत होते. जेर घरी निघाला तेव्हा त्याच्या मुलानं मला म्हटलं, म्हाताऱ्यानं केवढं धाडस केलं या वयात. असेल. मी नाही म्हणत नाही. पण त्याला बोलायला लागलं किती? चार वाक्यं. त्या सकाळी कोर्टात कुणी एवढंच बोललं असतं तर पोरीला गाडी मिळाली असती.